शाळेत वाटलेला गूळ

धावजी नाईक तांडा, ता. बाभुळगाव
१४ जानेवारी २०२५

ती. शंकरसिंग काकांस,
रंजिताचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ वेगळ्या पुडीत पाठवला आहे. काकीने चार दिवस पुरवावा, तुम्ही एका बैठकीत संपवू नये. याडीचा (शाळेच्या निबंधात तिला ‘आई’ लिहायची, पत्रात याडीच) गुडघा थंडीमुळे धरतो, बापू टेम्पो घेऊन रोज यवतमाळला जातात आणि रात्री जेवताना एक शब्द बोलत नाहीत. म्हणजे घरी सगळं नेहमीसारखं आहे असं लिहायला हवं होतं, पण ते खरं नाही.

फोन केला नाही, कारण तुम्हाला ऐकू यावं म्हणून काकी जे ओरडून सांगते ते कोळसा खाणीच्या सगळ्या क्वार्टर्सना ऐकू जातं. ही गोष्ट तशी सांगण्यासारखी नाही.

परवा कापूस विकायला काढला. बाहेरच्या खोलीत ढीग छतापर्यंत होता. मी ढिगात शिरून कापूस गाठोड्यात भरत होते, तर तळाशी पायाला काहीतरी कडक लागलं. काढून पाहिलं तर माइक. बिनवायरचा, काळा, जाळीखाली सोनेरी पट्टी असलेला. शाळेच्या स्नेहसंमेलनातून जो हरवला, तोच.

काका, तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून लिहिते. संमेलनाचा साउंड बाभुळगावच्या शकीलभाईंचा होता. त्यांची नुजहत आपल्या धाकट्या अर्पिताच्या वर्गात, दहावीत आहे. सूत्रसंचालन तिनेच केलं, त्यामुळे शेवटी माइक तिच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी तो सापडेना. तेव्हापासून नुजहतला दोनदा ऑफिसात बोलावून झालं. शकीलभाईंनी स्वतःच माइक नेला आणि आता नुकसान सांगतात, असंही कोणीतरी म्हणालं. मुली तिच्याजवळ दप्तर ठेवत नाहीत. फक्त आपली अर्पिता ठेवते, कारण दोघी एकाच बाकावर बसतात. तिने घरी येऊन मला हे सगळं सांगितलं होतं, आणि नुजहतचं वाईट वाटतं असंही म्हणाली होती. माइक तेव्हा कापसात होता.

मी अर्पितासमोर माइक धरला. आधी म्हणाली, मले माहीत नाही. मग खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडत-बांधत राहिली. का नेलास ते मी कितीतरी वेळा विचारलं.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी डोंगरसिंग नायकांकडे गेले. तांड्याचे नायक म्हणून त्यांना सांगणं माझं काम होतं. ते म्हणाले, आपल्यात चूक झाली की नसाब बसते, मोठं माणूस उभं राहून लहानाची चूक सगळ्यांसमोर सांगतं, गूळ वाटला जातो, आणि ज्याचं वाईट झालं त्याने गूळ तोंडात टाकला की विषय संपतो. पुन्हा काढेल त्यालाच दंड. मग ही चूक शाळेत झाली आहे तर नसाबही शाळेतच व्हावी. शनिवारी पालकसभा आहे. नायक स्वतः माझ्याबरोबर येणार आहेत.

मला हे बरोबर वाटतं. शाळेत घालण्याआधी, याडी-बापू ऊसतोडीला जात तेव्हा, तुम्हीच मला घरी पाटीवर अक्षरं शिकवलीत आणि त्यासोबत हेही शिकवलंत, की चूक उभ्याने सांगावी. बसून सांगितली तर ती आपल्याखाली दडून राहते. तरी एकदा तुमचा होकार हवा होता. शनिवारच्या आत उत्तर आलं तर बरं.

तुमचा लोभ मी गृहीत धरते, ही माझी जुनी खोड आहे.

तुमची
रंजिता

---

वणी
१८ जानेवारी २०२५

चि. रंजितास,
काकाचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

तुझं पत्र आज दुपारी हाती पडलं. आज शनिवार. काकीला लगेच फोन लावायला सांगितला, तर तुझा बंद. बापूचाही लागेना. म्हणून उशीर झालेला असूनही जे सांगायचं होतं ते लिहितो.

जाऊ नकोस. गेली असशील तर बोलू नकोस. बोलली असशील तर निदान गूळ वाटू नकोस.

पोरी, नसाब आपल्यात चालते, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. गूळ खाल्लेला माणूस उद्या तोंड फिरवू शकत नाही. शाळेत कोण कोणाच्या विहिरीवर येतं? तिथे सांगितलेलं संपत नाही, तिथून ते सुरू होतं. मी तीस वर्षं खाणीत नोकरी केली. तिथे सायबासमोर उभ्याने चूक सांगणाऱ्याला पहिल्यांदा नोटिशीचा कागद मिळायचा, शाबासकी कोणाला मिळालेली मी पाहिली नाही.

माझं ऐकायचं असेल तर असं कर. अर्पिताला घेऊन शकीलभाईच्या दुकानात जा. माइक त्याच्या हातात दे. नुजहतला आत बोलव आणि या दोघींना समोरासमोर बसव. तू बाहेर थांब. चहा पी. मग शकीलभाईलाच म्हण, मुख्याध्यापकांना सांगा की वस्तू मिळाली आणि तुमच्या पोरीचा दोष नव्हता. तेवढ्याने नुजहतचं नाव धुऊन निघतं आणि आपल्या पोरीचं फाटत नाही.

मी तुला अर्धं शिकवलं. उभ्याने सांगावं हे शिकवलं, कुठं उभं राहावं हे शिकवायचं राहिलं. तू पहिल्यापासूनच अशी. पाटीवर शून्य वाकडं आलं तर सगळी पाटी पुसायची.

तिळगूळ एका बैठकीत संपला. काकीला अजून पत्ता नाही, तूही सांगू नकोस. ही चोरी आपल्या दोघांतच राहू दे.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, हे वाचून घाबरू नकोस.

तुझा काका
शंकरसिंग

---

धावजी नाईक तांडा
२५ जानेवारी २०२५

ती. काकांस,
रंजिताचा शि. सा. न.

तुमचं पत्र बुधवारी आलं. फोन बंद होता, कारण सभागृहाच्या दारावर तशी पाटी होती. नंतर पाहिलं तर बाकी कोणीच बंद केला नव्हता.

काय झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही लपून राहणार नाही.

आम्ही तिघं गेलो. नायकांनी पांढरा पटका बांधला होता. अर्पिताच्या डोक्यावरून मी ओढणी घेतली, आपल्यात घेतात तशी, आणि तिचा हात धरून ठेवला. मुख्याध्यापक सर बोर्डाच्या परीक्षेबद्दल बोलत होते. त्यांचं झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. माइक माझ्या बहिणीने नेला होता, नुजहतचा आणि तिच्या वडिलांचा काही दोष नाही, आम्ही सगळ्यांची माफी मागतो. माझा आवाज नीट निघाला. मला तेव्हा हलकंसुद्धा वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते.

मग नायकांनी गूळ वाटायला घेतला. मागच्या रांगांना माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांना वाटलं संक्रांतीचा आहे. त्यांनी हसत घेतला, गोड गोड बोला म्हणाले. पुढच्या लोकांनी हात मागे घेतले. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, तांड्यावरचेच न, यांच्यात हे चालतच असते. त्या हळू बोलल्या होत्या, पण हॉल शांत होता. नायकांच्या हातात गुळाचं ताट होतं. ते तसेच उभे राहिले. सत्तरीच्या माणसाला कुठे पाहावं ते कळत नव्हतं.

शकीलभाई तिथेच होते. त्यांनी पुढे येऊन ताटातला खडा उचलला आणि खाल्ला. त्यांना आपली रीत माहीत नव्हती. ताटाकडे कोणाचाच हात जात नाही हे पाहून घेतला असेल.

सभा उठल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, माझ्याकडे एकटी आली असतीस तर मी हे दाराआड मिटवलं असतं. आता शंभर पालकांनी ऐकलंय. शाळा समितीचे अध्यक्ष विचारणार, आज हे दाबलं तर उद्या काय करणार. आणि तसंच झालं. संध्याकाळपर्यंत समितीचं पत्र पोलीस स्टेशनला गेलं. अर्पिताला सांगितलं की पुढचा निर्णय होईपर्यंत वर्गात बसू नये.

गुरुवारी एक पोलीस मॅडम आल्या. साध्या साडीत, खाजगी गाडीने. लहान मुलांच्या प्रकरणात वर्दी घालून यायचं नाही असा नियम आहे म्हणाल्या. तरी तांड्यात सगळ्यांना कळलंच. म्हाताऱ्या माणसांनी दारं लावून घेतली. त्यांच्या लहानपणी काही हरवलं की पोलीस आधी तांड्यात यायचे, ते त्यांना आठवलं असेल. मॅडम चांगल्या वागल्या. गुन्हा नोंदवत नाही, डायरीत नोंद करून बाल न्याय मंडळाकडे पाठवते, यवतमाळला तारीख मिळेल, अटक वगैरे काही नाही, असं त्यांनी याडीला दोनदा समजावलं. घरात कोण किती शिकलं, कोणाला व्यसन आहे का, असं सगळं लिहून घेतलं. याडी त्या गेल्यावर एवढंच म्हणाली, काहून सांगतलं तू? घरचं घरात राह्यलं असतं.

मी म्हणाले, मग नुजहतचं काय? याडी उठून चुलीकडे गेली.

त्याआधी सोमवारी तांड्यातल्या दोन मुलींची दप्तरं वर्गात उघडून पाहिली. कोणाची तरी कंपास सापडत नव्हती. ती बाकाखाली पडली होती. त्या मुली सातवीतल्या आहेत काका, त्यांनी काय केलं होतं?

अर्पिता गेल्या शनिवारपासून माझ्याशी बोललेली नाही. मी वाढलं तर उठते, याडीने वाढलं तर जेवते. परीक्षा तोंडावर आली आहे आणि ती पुस्तक उघडत नाही. बापूंनी काल पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, तिला शंकरसिंगकडे पाठवू. तुम्ही ठेवाल ना? मी विचारते आहे, पण बापू उद्याच निघताहेत, म्हणजे हे पत्र तीच घेऊन येईल. ते तिच्यासमोर उघडू नका.

तुमच्या मायेवर माझा हक्क आता किती उरला ते तुम्हीच ठरवा.

रंजिता

---

वणी
४ फेब्रुवारी २०२५

चि. रंजितास,
आशीर्वाद, आणि डोक्यावर एक हलकी टपली.

हक्क वगैरे लिहीत जाऊ नकोस. हक्काचा हिशेब करायला बसलो तर मला तुझ्याकडून पाटीच्या पेन्सिली येणं आहे.

पोरगी सुखरूप आहे. पहिले दोन दिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी काकीने तिला ज्वारीच्या भाकरी थापायला बसवलं आणि पहिली भाकर पाहून काकी एवढी हसली की शेजारीण काय झालं पाहायला आली. तिथून पोरगी जरा माणसात आली. आता सकाळी गणित करते. मी बाजूला बसतो. मला दहावीचं गणित येत नाही, पण मी चष्मा लावून मान हलवतो, आणि तिला वाटतं चुकलं, मग ती पुन्हा तपासते. शिकवण्याची ही पद्धत मी तुझ्यावरही वापरली होती, तुला अजून कळलेलं दिसत नाही.

तुझं नाव ती घेत नाही. काकीने एकदा सहज काढलं तर ताट ठेवून उठली.

पण एक सांगतो. संध्याकाळी कोळशाची धूळ खाली बसली की आम्ही दोघं पायरीवर बसतो. ती माझ्याकडे पाठ करते आणि बोलते. बराच वेळ बोलते. तिला माहीत आहे की मला ऐकू येत नाही, आणि तोंड दिसलं नाही तर समजतही नाही. मी हूं हूं म्हणत राहतो. काय सांगते ते मला ठाऊक नाही. काकी दाराआड उभी राहून ऐकू पाहत होती, मी तिला हाताने परत पाठवलं. त्या पोरीचं बोलणं कोणाच्या तरी कानावरून जायला पाहिजे होतं, माझे कान त्यासाठी बरे आहेत.

तुझ्यावर रागावलेलो नाही. नुजहतसाठी तू बोललीस, ते खरंच होतं. पण तू अर्पिताला विचारलं होतंस का, की उद्या सगळ्यांसमोर तुझं नाव सांगू का म्हणून? दोन्ही पत्रांत मला ते कुठं दिसलं नाही. लिहायचं राहिलं असेल तर कळव.

मंडळाच्या तारखेला काकी तिला घेऊन येईल. मी येत नाही. मॅजिस्ट्रेट काही विचारतील आणि मी भलतंच उत्तर देऊन मीच आत जाईन.

जेवत जा. याडीचा गुडघा जप. आमची माया पोस्टाच्या तिकिटाइतकी स्वस्त नाही, पण तुला फुकट आहे.

काका
शंकरसिंग

---

धावजी नाईक तांडा
१३ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायचं राहिलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं.

परवाचं काकीने तुम्हाला किती सांगितलं असेल आणि त्यातलं तुम्हाला किती ऐकू आलं असेल, म्हणून पुन्हा लिहिते.

मंडळ म्हणजे मला कोर्ट वाटलं होतं. साधी खोली होती, एक टेबल, न्यायाधीश मॅडम आणि दोन सदस्य. पिंजरा नाही, वर्दी नाही. मी आत जाऊ शकत नव्हते. दाराला पडदा होता आणि मी पडद्याजवळच्या बाकावर बसले होते. उठून लांब बसायला हवं होतं. नाही बसले.

आधी शकीलभाई आत गेले. म्हणाले, मेरी चीज मिल गई, मेरी कुछ शिकायत नहीं, मी समितीला पण सांगतलं होतं का पोलिसात नका जाऊ म्हणून. मग अर्पिताला विचारलं, का नेलास? ती म्हणाली, काही कारण नाही. सदस्य सर समजावून विचारत होते. तुला संधी मिळाली नाही म्हणून राग होता का, कोणी सांगितलं होतं का, विकायचा होता का? प्रत्येकाला ती नाही म्हणाली. मला वाटत होतं, काहीतरी कारण सांग, तुझ्यासाठी सोपं होईल. आणि त्याच वेळी वाटत होतं, नसेल तर सांगू नको.

मग बापू बोलले. काका, बापू इतकं बोललेले मी जन्मात ऐकलं नाही. म्हणाले, साहेब, पोरीले लहानपणापासून माइकचा नाद हाय. कितीदा मागितला. मी म्हणलं घेऊन देतो, अन् दिला नाही. चूक माही हाय, तिची नाही.

अर्पिताने बापूंकडे कधीच काही मागितलेलं नाही. तुम्हालाही माहीत आहे. बापू खोटं बोलत होते, न्यायाधीशांसमोर, आणि त्यांचा आवाज जराही हलला नाही. मी पडद्याच्या या बाजूला होते. एका हाताने पडदा बाजूला करून मी खरं सांगू शकले असते. मी बसून राहिले. मला अजून कळत नाही की ते मी बरोबर केलं की नाही, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसून राहीन.

मॅडमनी समज देऊन सोडलं. बापूंकडून हमीपत्र घेतलं. परीक्षा झाल्यावर काही दिवस समुपदेशनाला जायचं आहे. शाळेला सांगितलं की प्रवेशपत्र अडवायचं नाही, आणि दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात या प्रकरणाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. सर आधी तिथे ‘असमाधानकारक’ लिहिणार होते. ते टळलं. याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती, तो शब्द जन्मभर तिच्या कागदांबरोबर फिरला असता.

पण न्यायाधीश मॅडमनी बापूंना विचारलं, मुलीचं नाव सभेत कोणी सांगितलं? बापू म्हणाले, मोठ्या पोरीने. मॅडम म्हणाल्या, अशा प्रकरणात मुलाचं नाव कुठेही उघड होऊ द्यायचं नसतं, कायदाच तसा आहे, मुलाला पुन्हा नीट उभं राहता यावं म्हणून. त्या रागाने बोलल्या नाहीत. मी पडद्याकडे पाहत होते.

शाळेचं असं ठरलं की तोंडी परीक्षा ऑफिसात एकटीने द्यायची, निरोप समारंभाला यायचं नाही, आणि निकालानंतर दाखला घेऊन जायचं. अकरावीला त्यांच्याकडे जागा नाही म्हणतात. म्हणजे अकरावी यवतमाळला किंवा तुमच्याकडे. तिचा निरोप समारंभाचा ड्रेस याडीने दिवाळीतच शिवून ठेवला होता. तो मी ट्रंकेत खाली घातला, याडीला दिसू नये म्हणून. याडीने तो काढून पुन्हा वर ठेवला.

बाहेर पडताना अर्पिता माझ्या समोरून गेली. काकीचा हात धरून. माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझी चप्पल तिच्या वाटेत होती ती तिने पायाने नीट करून ठेवली. याचा अर्थ मी लावत बसले आहे. तुम्ही म्हणाल, लावू नको.

सोबत तिच्यासाठी वेगळा कागद आहे आणि एक पुडी. तिने घेतली नाही तर परत पाठवू नका. तुम्हीही खाऊ नका.

तुमची, आणि अजूनही तुमच्याकडूनच शिकणारी
रंजिता

---

(सोबतचा कागद)

चि. अर्पितास,

हे मी उभ्याने लिहिते आहे. जिथे कापसाचा ढीग होता, तिथल्या कोनाड्यात कागद ठेवून. खोली आता रिकामी आहे, बोललं की आवाज घुमतो.

मी तुला विचारलं नाही. नायकांना विचारलं, काकांना विचारलं, मनाला तर शंभरदा विचारलं. तुलाच विचारलं नाही. सभेत तुझा हात मी आधार म्हणून धरला असं मला वाटत होतं. आता आठवतं की तू तो दोनदा सोडवायला पाहिला होतास.

नुजहतचं नाव मोकळं व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल मी माफी मागत नाही. पण त्यासाठी तुझं नाव शंभर माणसांत टाकायची गरज नव्हती. दुसरी वाट होती, ती मी शोधली नाही. तुला मोकळं करण्याच्या नावाखाली मी स्वतः मोकळी होत होते.

इथे ऐकायला कोणी नाही, म्हणून ही नसाब पुरी नाही. तरी ज्याचं वाईट झालं त्याने गूळ घ्यायचा असतो. पुडीत एक खडा आहे. तुला घ्यावासा वाटला तर घे.

अभ्यास कर. इतिहासाच्या सनावळ्यांचा कागद माझ्या उशाखाली सापडला, तोही ठेवला आहे.

तुझी ताई

---

वणी
१७ फेब्रुवारी

रंजिताताईस,
नमस्कार वगैरे.

काकांनी सांगितलं की पत्र आलं की उत्तर द्यायचं असतं, नाहीतर पोस्टमनचा अपमान होतो. म्हणून लिहिते.

सगळे विचारतात तसं तू आता तरी विचारलं नाहीस, का नेला म्हणून. म्हणून सांगते. कारण खरंच नव्हतं. नुजहतचा राग नव्हता. सूत्रसंचालन तिला दिलं ते बरोबर होतं, ती माझ्यापेक्षा चांगली बोलते. कार्यक्रम झाल्यावर तिने मला धर म्हणून माइक दिला आणि ती पाणी प्यायला गेली. तो जड होता. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा. मी दप्तरात टाकला. एवढंच.

घरी कोणी नसताना मी कापसावर बसून दिवा लावायची आणि त्यात बोलायची. स्पीकर नव्हता, त्यामुळे आवाज कुठेच जात नव्हता. मला ते आवडायचं. नंतर नुजहतला ऑफिसात बोलावायला लागले, तरी तिने माझं नाव घेतलं नाही. तेव्हापासून मी तो बाहेर काढलाच नाही. वर अजून कापूस टाकला.

संक्रांत झाली की शकीलचाचांच्या काउंटरवर गुपचूप ठेवून येणार होते. हे खरंच ठरवलं होतं की तू पकडल्यावर मला तसं वाटायला लागलं, मलाच माहीत नाही. म्हणून मी ते मंडळासमोर सांगितलं नाही.

बापू खोटं बोलले ते मला ऐकून रडू आलं. तू शांत बसलीस ते काकीने सांगितलं. काकी म्हणते, तू पडद्याचा काठ एवढा पिळलास की त्याला घडी पडली.

नुजहतने काकीच्या फोनवर इतिहासाचे महत्त्वाचे प्रश्न पाठवले. बाकी काही नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला भूगोलाचे पाठवले. परीक्षेला आमचे नंबर पुढे-मागे आहेत. ती मागे वळेल का हे मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरतं.

तांड्यातल्या त्या सातवीच्या पोरींना माझ्यातर्फे काही सांगू नकोस. मी आले की मीच सांगेन. तू उभी राहू नकोस.

उद्याच्या बसने काकी मला सोडायला येणार आहे, म्हणून हे पत्रही मीच आणते आहे. पेपर संपेपर्यंत मी तांड्यावरच राहणार. काकांना लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं; निरोप समारंभाचा ड्रेस याडीला ठेवू दे वरच, मी पेपरला घालणार आहे.

गूळ मिळाला. काकांनी दोनदा विचारलं की खाल्लास का, मला वाटतं त्यांना हवा होता. मी खाल्ला नाही. काकीच्या शेंदराच्या रिकाम्या डबीत घालून ठेवला आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून. तो मी सोबत आणते आहे. तोंडात टाकला की विषय संपतो, मग काढता येत नाही, आणि मला तुझ्याशी अजून खूप बोलायचं आहे.

अर्पिता